मानाचा वाटा कोणी दिला?

प्रश्न : ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड' या होमरच्या ग्रीक महाकाव्याची कथा नुकतीच वाचली. ॲगॅमेम्नॉन साऱ्या ग्रीक फौजेचा सेनापती. त्याने एक बंदिवान स्त्री काढून घेतली, म्हणून अकिलीस लढाई सोडून बसतो आणि आपलेच सोबती मरू देतो. याला मान म्हणायचं की हट्ट? आणि सेनापतीला न जुमानणाऱ्याला शिक्षा कशी होत नाही?
— एक वाचक

उत्तर : 'सेनापती' या शब्दानेच घोटाळा होतो. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी काढून बघा. मायसीनीच्या ॲगॅमेम्नॉनची 100 जहाजं, म्हाताऱ्या नेस्टरची 90, अकिलीसची 50, ओडिसियसची 12. प्रत्येक जण आपापल्या मुलखाचा राजा, आपली माणसं घेऊन आलेला. अकिलीस तर तोंडावर सुनावतो, की ट्रॉयवाल्यांनी माझी गुरं नेली नाहीत की घोडे. आम्ही आलो ते तुझ्यासाठी आणि तुझ्या भावासाठी (मेनेलाउससाठी, ज्याची बायको हेलन ट्रॉयला नेली गेली). त्याला शिक्षा करणार कोण?

शिक्षा होते थर्सायटीसला, फौजेतल्या एका साध्या माणसाला. तोही भर सभेत ॲगॅमेम्नॉनच्या हावरेपणावर बोट ठेवतो, जवळजवळ अकिलीसच्याच शब्दांत. पण त्याला ओडिसियस राजदंडाने पाठीत हाणतो आणि फौज हसते. मी हे महाकाव्य कितीदा तरी वाचलंय, हा प्रसंग दर वेळी बोचतो.

तो राजदंड ॲगॅमेम्नॉनचाच. हेफेस्टस या लोहार देवाने घडवलेला, देवांचा राजा झ्यूसपासून पेलॉप्स, ॲट्रियस या त्याच्या पूर्वजांच्या हातांतून त्याच्याकडे आलेला. अधिकार असा वारशाने येतो. मान मात्र सोबत्यांनी द्यायचा असतो. लुटीतून वीराला खास वाटा दिला जाई, त्याला 'गेरास' म्हणत. तुम्ही म्हणता ती बंदिवान स्त्री, ब्रिसीइस, हा अकिलीसचा तसा वाटा. (जिचा नवरा अकिलीसनेच मारला, तिला 'वाटा' म्हणताना माझी जीभ अडखळते. एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर तिने केलेला विलाप जरूर वाचा.) अकिलीसचं म्हणणं, ती मला ग्रीकांनी दिली. राजाने ती उचलून नेली, तर सगळ्यांदेखत दिलेला मान सगळ्यांदेखत पुसला गेला. नेस्टर दोघांनाही समजावतो: ॲगॅमेम्नॉनला म्हणतो, तू तिला हात लावू नकोस, आणि अकिलीसला, तू बळाने थोर असलास, तरी हा अधिक लोकांवर राज्य करतो. दोघंही ऐकत नाहीत.

आता नवव्या सर्गाकडे या, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. हरायची वेळ आल्यावर ॲगॅमेम्नॉन भरपाई देऊ करतो: सात तिवया, दहा टॅलंट (एक जुनं वजन) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, ब्रिसीइस परत, शिवाय लग्नासाठी आपली मुलगी आणि सात नगरं. शेवटी म्हणतो, त्याने माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे आणि वयानेही मोठा. निरोप घेऊन गेलेला ओडिसियस अकिलीसपुढे ही सारी यादी जशीच्या तशी म्हणतो आणि नेमकं हे शेवटचं वाक्य गिळतो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही पानं शेजारी धरून पुन्हा वाचली होती. अकिलीसला ते वाक्य ऐकू आलेलं नाही, तरी तो ओळखतो. एवढ्या देण्याखाली दबलेला माणूस देणाऱ्याचा ताबेदार होतो. तो म्हणतो, भ्याडाला आणि शूराला इथे एकच मान.

तरीही तो चुकतो. त्याला लहानाचा मोठा केलेला फीनिक्स तिथेच सांगतो, की आजवरच्या तुझ्या रागाला कोणी दोष देऊ शकत नव्हतं. म्हणजे इथून पुढे देता येईल. मीही रेघ तिथेच ओढतो: तोवर मान, त्यानंतर हट्ट. त्याची किंमत पॅट्रोक्लस जीव देऊन मोजतो, आणि मग अकिलीस स्वतःच म्हणतो, मी जहाजांपाशी भुईला भार होऊन बसलो.

तेविसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत, भालाफेकीसाठी ॲगॅमेम्नॉन उठतो. अकिलीस त्याला म्हणतो, तू सर्वांत श्रेष्ठ आहेस हे आम्ही जाणतो, आणि भाला फेकू न देताच हंड्याचं बक्षीस त्याला देतो. ॲगॅमेम्नॉन ते टॅल्थिबियस या आपल्या दूताच्या हाती सोपवतो. पहिल्या सर्गात ब्रिसीइसला न्यायला अकिलीसच्या दारात आलेल्या दोघांपैकी हाच एक.