सॅपचा सराव घरच्या घरी, तोही फुकटात: वाचकांचे प्रश्न

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अबॅप (कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकतोय. क्लासवाले ‘सर्व्हर ॲक्सेस’चे वेगळे पैसे मागतात. माझा लॅपटॉप ८ जीबीचा. भरू का पैसे?

नका भरू. सॅपच्या परवानगीशिवाय विकला जाणारा ॲक्सेस लायसन्सच्या विरोधात असतो, आणि तो मध्येच बंद पडला तर दाद मागायला जागा नाही.

त्याऐवजी बीटीपी या सॅपच्या स्वतःच्या क्लाउडवर ट्रायल खातं उघडा. क्रेडिट कार्ड लागत नाही, मोबाइल नंबरची पडताळणी होते. खातं उघडल्यावर कॉकपिटमध्ये (खातं सांभाळायच्या पानावर) ‘बूस्टर्स’ म्हणून विभाग आहे; त्यातला अबॅप ट्रायलचा बूस्टर चालवला की बरीचशी मांडामांड तोच करतो आणि शेवटी ‘सर्व्हिस की’ (सर्व्हरशी जोडणारी किल्ली) देतो. लॅपटॉपवर एक्लिप्स हा कोड लिहायचा प्रोग्रॅम आणि त्यात एडीटी हे अबॅपसाठीचं प्लगइन टाका, ती किल्ली दाखवा, झालं. प्रोग्रॅम सॅपच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे ८ जीबी पुरतात. पहिला ‘क्लास’ (शिकवणी नव्हे, कोडचा एक घटक) लिहून एफ९ दाबलं की उत्तर कन्सोलवर दिसतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खातं ९० दिवसांचं आहे, नंतर त्यातलं काम पुसलं जातं. म्हणून सोर्स रोजच्या रोज गिटहबवर ठेवत जा. आणि तिथे क्लाउडसाठीचं कडक अबॅप चालतं. क्लासच्या जुन्या नोट्समधलं ‘राइट’ (WRITE) स्टेटमेंट किंवा एसई३८ हा जुना प्रोग्रॅम-एडिटर तिथे शोधू नका, मिळणार नाही. माझ्या मते नवशिक्यासाठी ते चांगलंच आहे, कारण नवं कामही त्याच वळणाचं येतंय. मुलाखतीत मात्र अजून एएलव्ही (तक्त्याच्या रूपातले रिपोर्ट) आणि बॅपी (बाहेरून बोलावता येणारी सॅपची तयार फंक्शन्स) विचारतात, तेव्हा जुन्याची तोंडओळख ठेवावीच लागेल. त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

पुण्यात सपोर्ट प्रोजेक्टवर आहे. घरी ३२ जीबीचा विंडोज डेस्कटॉप आहे. सॅप जीयूआयसकट (सॅपच्या नेहमीच्या डेस्कटॉप स्क्रीनसकट) पूर्ण सिस्टीम बसवता येईल का?

येईल. डॉकर हे तयार सिस्टीम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं सॉफ्टवेअर; त्याच्या डॉकर हब या साइटवर सॅपची ‘अबॅप क्लाउड डेव्हलपर ट्रायल’ ही इमेज (सिस्टीमचा तयार साचा) मिळते. नावात क्लाउड असलं तरी ती तुमच्याच मशीनवर चालते, आत हाना हा सॅपचा डेटाबेस असतो, आणि जीयूआय व एक्लिप्स दोन्ही जोडता येतात. सॅपची अट अशी: लिनक्सवर किमान १६ जीबी रॅम, विंडोज किंवा मॅकवर ३२, आणि डिस्कवर १५० जीबी मोकळी जागा. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर आधी एसएसडी घ्या, नाहीतर लॉगिन स्क्रीनची वाट पाहण्यातच रविवार जाईल.

विंडोजवर गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. डॉकर तिथे डब्ल्यूएसएल-२ वर (विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीवर) चालतं, आणि ते आपणहून निम्मीच रॅम घेतं. म्हणजे ३२ पैकी १६. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ही मर्यादा वाढवा, २४ तरी द्या. दुसरं, कंटेनरचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) इमेजच्या पानावर जसं दिलंय तसंच ठेवा आणि विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्येही तेच लिहा. हौसेनं आपलं नाव दिलंत तर सिस्टीम उठणार नाही.

चालू झाल्यावरही सांभाळायचं आहे. मशीन तसंच बंद करू नका. हानाला मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवायला वेळ लागतो, म्हणून ‘डॉकर स्टॉप’ला भरपूर टाइमआउट द्या. दुसऱ्या दिवशी ‘डॉकर स्टार्ट’च करायचं. तिथे पुन्हा ‘डॉकर रन’ दिलं तर नवा कोरा कंटेनर तयार होतो, आणि आपलं काम गेलं म्हणून लोक कपाळाला हात लावतात. (ते जुन्या कंटेनरमध्ये असतं, तो डिलीट केला नसेल तर.)

लायसन्स तीन महिन्यांचं असतं, फुकटात वाढवता येतं. क्लायंट ०००मध्ये (‘क्लायंट’ म्हणजे इथे सिस्टीमच्या आतला स्वतंत्र विभाग) सॅप-स्टार (SAP*) युजरनं शिरून एसलायसन्स या ट्रान्झॅक्शनमधून ‘हार्डवेअर की’ (मशीनचा ओळख-क्रमांक) घ्या आणि सॅपच्या मिनीसॅप पानावर ए४एच (या ट्रायल सिस्टीमचं नाव) निवडून नवं लायसन्स मागवा. मुदत संपायच्या आत हे करा. कोड बाहेर काढून ठेवायला अबॅपगिट हे साधन वापरा.

बीकॉम झालंय, नाशिकला अकाउंट्समध्ये आहे. फायकोचा (सॅपच्या फायनान्स आणि कंट्रोलिंग भागाचा) सराव यावर होईल?

नाही. वरच्या दोन्ही ठिकाणी फक्त अबॅपचा पाया आहे. फायनान्स, मटेरिअल, सेल्स यांपैकी एकही मॉड्यूल नाही. ही मॉड्यूल्स असलेल्या एस/४हाना या सॅपच्या मुख्य सॉफ्टवेअरचं तयार अप्लायन्स (आधीच मांडलेला सर्व्हर) ३० दिवस वापरायला मिळतं, पण ज्या क्लाउडवर ते चालतं त्याचं भाडं तुम्हाला पडतं, आणि एवढ्या मोठ्या सर्व्हरचं बिल तासावर वाढतं. सुरुवात सॅपच्या लर्निंग साइटवरच्या मोफत कोर्सेसनी करा. पक्कं अकाउंटिंग तुम्हाला येतंय, ते क्लासमध्ये मिळत नाही.

जावा डेव्हलपर आहे. सॅपमध्ये यायला अबॅप शिकावंच लागेल?

लागेलच असं नाही. सॅपचं कॅप हे ॲप्स बनवायचं फ्रेमवर्क जावा आणि नोड (जावास्क्रिप्ट), दोन्हींवर चालतं. सुरुवातीला क्लाउडही नको: डेटाबेसच्या जागी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या, सगळं साध्या लॅपटॉपवर होतं. पुढे ट्रायल खात्यावरची हाना जोडलीत तर ती रोज रात्री आपोआप बंद होते, सकाळी पुन्हा चालू करावी लागते. एरर आला की आधी तेच बघा.

ऑफिसमधला एक प्रोग्रॅम घरच्या ट्रायलवर टाकून बघितला तर चालेल का?

अजिबात नको. कोड क्लायंटचा आहे, तुमचा नाही. त्यात बीटीपीवरची अबॅप ट्रायल सामायिक सिस्टीम आहे. तिथे लिहिलेलं इतरांनाही दिसतं, म्हणून तर सॅपच्या धड्यांत प्रत्येकाला नावापुढे वेगळा शेपूट-क्रमांक लावायला सांगतात. टेबलं क्लायंटची, झेड-प्रोग्रॅम (कंपनीनं स्वतःसाठी लिहून घेतलेले) क्लायंटचे. ट्रायलवर ती टेबलं नसल्यानं तो ॲक्टिव्हेटही होणार नाही. सरावाला विमान-प्रवासाचा तयार नमुना डेटा आहे, त्यावर तसंच लॉजिक नव्यानं लिहा.