वडिलांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) आहे आणि पुढच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी). इकोस्प्रिन आधी बंद करायची का?

स्वतःहून तर अजिबात बंद करू नका. मी डॉक्टर नाही, सोलापुरात औषधांचं दुकान चालवतो, आणि हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो.

शेजारच्या काकांनी 'सात दिवस आधी सोडा, नाहीतर रक्त थांबणार नाही' असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. काकांनी हे मनाने काढलेलं नाही, पूर्वी बऱ्याच ठिकाणी तसंच सांगायचे. इकोस्प्रिनमधली ॲस्पिरिन लागली की प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीचं, काम कायमचं मंदावतं. प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस, म्हणून नव्या तयार होईपर्यंत थांबायचं, असा तो हिशोब होता. पण आता अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना उलट सांगतात. रोजची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू ठेवायची. नुसत्या तपासणीला, बायोप्सीला (तपासायला छोटा तुकडा काढतात ती), आणि साधारणपणे पॉलिप, म्हणजे आतड्यातली छोटी गाठ, काढायचा असला तरीही. फार मोठा पॉलिप असेल तर मात्र डॉक्टर वेगळा विचार करू शकतात.

कारण सरळ आहे. पॉलिप काढलेल्या जागी रक्त आलं, तर बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच क्लिप लावून किंवा इंजेक्शन देऊन ते थांबवता येतं. गोळी सोडल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ती दुर्बिणीच्या खोलीत सुटत नाही, थेट हार्ट अटॅकच.

खरी गडबड होते ती वेगळीकडेच. तुम्ही 'इकोस्प्रिन' म्हणताय, पण पट्टी एकदा उलटी करून वाचा. इकोस्प्रिन याच नावाने नुसती ॲस्पिरिन मिळते, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र मिळतं, आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारं दुसरं औषध), ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) अशी तिन्ही असलेली कॅप्सूलही मिळते. घटक छापलेले असतात बारीक अक्षरात. त्यात पट्टी अर्धी कापून आणलेली असली की नाव एका तुकड्यावर आणि घटक दुसऱ्यावर. घरचे सगळ्यालाच 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून मोकळे होतात.

फरक एवढाच की क्लोपिडोग्रेलचा नियम निराळा आहे. पॉलिप काढायची शक्यता असेल तर ते पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात आणि ॲस्पिरिन चालूच ठेवतात. म्हणजे एकत्र कॅप्सूल असेल तर ती बदलून तेवढ्या दिवसांपुरती साधी ॲस्पिरिन वेगळी लिहून घ्यावी लागते. पण क्लोपिडोग्रेल थांबवायचं की नाही, हे स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट नवा असेल आणि तपासणी तातडीची नसेल, तर बऱ्याचदा तपासणीच पुढे ढकलतात. तुम्ही स्टेंट कधी टाकला ते लिहिलेलं नाही, त्यामुळे आजच स्टेंटच्या आणि कोलोनोस्कोपीच्या, दोन्ही डॉक्टरांना गाठा. पुढचा आठवडा म्हणजे ठरवायला फार वेळ नाही. जाताना नुसती नावं सांगू नका, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारं तसलं दुसरं काही चालू असेल तर त्याचा हिशोब पुन्हा वेगळा.

गुडघेदुखीसाठी वडील मधूनच कॉम्बिफ्लॅम घेत असतील, तर तेही सांगा. लोक याला औषधच समजत नाहीत. त्यातलं आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या जोडीला रक्तस्राव वाढवू शकतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी आतडं काळपट राहतं आणि नीट दिसत नाही.

आणि हो, दोन-तीन दिवस आधीपासून शेंगाचटणी आणि ज्वारीची भाकरी बंद. सोलापूरकराला हे गोळीपेक्षा जड जातं, ठाऊक आहे मला. पण शेंगदाण्याचे कण आतड्यात राहिले की दुर्बिणीची नळी तुंबू शकते, नीट दिसत नाही, आणि सगळी तयारी पुन्हा करायची वेळ येते. मऊ भात, गाळलेलं वरण चालतं. आदल्या दिवसाचं डॉक्टर सांगतील तसं.

तपासणीनंतर चार दिवसांनी वडिलांना गाणगापूरला न्यायचंय म्हणालात. काही काढलं नाही, तर डॉक्टरांना विचारून जायला हरकत नसावी. पॉलिप काढला तर मात्र उशिरा होणारा रक्तस्राव साधारण १४ दिवसांपर्यंत होऊ शकतो, तेव्हा पंधरवडा तरी घराजवळच राहा. संडासला लाल रक्त, गुठळ्या, काळी डांबरासारखी शौच, चक्कर किंवा पोटात जोरात दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.