ताजचे फोटो सगळ्यांसारखेच येतात, त्यावर

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन आग्र्याला निघालाय, फोटो 'नेटवर असतात तसेच' येऊ नयेत, त्यासाठी नवा कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. हातातला फोन पुरे. ते पैसे आग्र्यात एक मुक्काम वाढवायला ठेवा.

हौदासमोरचा तो सरळ फोटो आधी काढूनच टाका. आई-बाबांना तोच हवा असणार, आणि त्यात काही चूक नाही. मात्र क्लिक झाल्यावर फोन लगेच खाली घेऊ नका. पोज मोडते तेव्हा माणसं खरी दिसायला लागतात: आई पदर सारखा करते, बाबा "आला का नीट?" म्हणत पुढे येतात. तो फोटो दुसऱ्या कुणाकडेच नसणार.

याचा सराव इथे नवी मुंबईतच होतो. तुमच्या कोपरखैरण्याहून नेरुळचं वंडर्स पार्क काही लांब नाही. तिथे जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, ताजही आहे. रविवारी संध्याकाळी जा आणि ताजपेक्षा त्याच्यासमोरच्या घरच्या मंडळींवर लक्ष ठेवा. घुमट चिमटीत धरायची पोज तिथेही सुटलेली नाही! अनोळखी लोकांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो काढायचे तर आधी विचारा. नाहीतर आपल्याच माणसांवर हात बसवा.

आता प्रत्यक्ष ताज. मुख्य दरवाजाच्या अंधाऱ्या कमानीतून तो पहिल्यांदा दिसतो, तिथे गर्दी रेटत असते. बाजूच्या भिंतीला टेकून थांबा, स्क्रीनवर ताजवर बोट टेकवून उजेड ठरवा. माणसांच्या काळ्या आकृत्या होतील. दोन डोकी एकमेकांत मिसळलेली असली की नुसता डाग दिसतो, म्हणून आकृत्या सुट्या होईपर्यंत धीर धरा.

पांढरा संगमरवर फोनला फसवतो, फोटो राखाडी येतो. बोट टेकवल्यावर दिसणारी उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. धुक्यातही हेच. डिसेंबरात सकाळी धुकं इतकं असू शकतं की घुमटच गायब. तेव्हा खाली बघा: चौथऱ्यावर बुटांवर कापडी पिशव्या चढवून फिरणारे पाय, किंवा दगडात जडवलेल्या फुलांकडे वाकून बघणारी आई. पश्चिमेच्या मशिदीची लाल कमानही चांगली चौकट देते, आणि तिथे गर्दीही त्या मानाने कमी.

मुख्य मकबऱ्याच्या आत फोटो काढायला बंदी आहे, ट्रायपॉडही नेऊ नका. संध्याकाळी यमुनेपलीकडे मेहताब बागेत जा, तिथून ताजची मागची बाजू दिसते. थंडीत सूर्य त्याच्या उजव्या अंगाला मावळतो, त्यामुळे इमारत काळसर येते. तशीच येऊ द्या.

आणि शुक्रवारी ताज बंद असतो, तेव्हा गाडीचं रिझर्व्हेशन करताना वार बघून घ्या.