भगताला बाजूला सारू नका

प्रश्न : मी नाशिकला झूलॉजी शिकतो, दोन वर्षं सर्पमित्र म्हणून काम करतोय. सुट्टीत आम्ही मित्र पालघरकडच्या पाड्यांवर प्रोजेक्टर घेऊन जातो, विषारी साप कोणते, चावल्यावर काय करायचं ते सांगतो. लोक ऐकतात, माना डोलावतात, चहाही देतात. पण मागच्या महिन्यात अशाच एका पाड्यावर एका ताईंना मण्यार चावली आणि घरच्यांनी आधी भगताकडे, म्हणजे मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे नेलं. ताई वाचल्या, पण थोडक्यात. एवढं सांगूनही लोकांना पटत का नाही?

उत्तर : ताई वाचल्या हे वाचून जीव भांड्यात पडला.

'पटत नाही' म्हणताय, पण मला वाटतं बहुतेकांना पटलेलं असतं. फक्त रात्री दोनला घरातलं माणूस तळमळत असताना स्लाइड नाही आठवत, आपला माणूस आठवतो. भगत त्यांचा आहे, त्यांच्या बोलीत बोलतो, लग्नापासून मयतीपर्यंत हजर असतो आणि हाक मारली की अंधारात उठून येतो. आणि दवाखान्यात काय होतं? 'तुम्ही लोक कधी सुधारणार' असं एका बाईच्या नवऱ्याला सगळ्या वॉर्डासमोर बोललेलं मी स्वतः ऐकलंय, तो माणूस मान खाली घालून उभा होता. अशा माणसाला अँटीव्हेनम, म्हणजे दवाखान्यातलं सर्पविषावरचं इंजेक्शन, नुसतं औषध वाटत नाही हो, आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांचं औषध वाटतं, आणि ते मान्य करायचं म्हणजे आपला बाप, आजा सगळे अडाणी होते हेही मान्य करायचं असं त्याला वाटतं.

आणि हे फक्त पाड्यावरचं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांनी २०१३ मध्ये लोकांना आकड्यांचं एक कोष्टक वाचायला दिलं होतं. त्वचेच्या क्रीमचे आकडे म्हणून दिले तेव्हा गणितात हुशार लोकांनी ते बरोबर वाचले, पण तेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून दिल्यावर हुशार माणसंसुद्धा आपल्या राजकीय गटाला सोयीचं तेच वाचायला लागली, उलट त्यांच्यातच दोन गटांतली फारकत जास्त दिसली. म्हणजे शिक्षण कमी पडतंय एवढंच कारण धरून चालत नाही.

तुमच्या जवळच, डहाणू तालुक्यात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संशोधकांनी गावकऱ्यांशी, सर्पमित्रांशी आणि भगतांशीही बसून बोलून अभ्यास केलाय, २०२१ मध्ये तो छापून आला. चिंचोक्याने किंवा लोहचुंबकाने विष उतरतं ही समजूत त्यात सापडली आणि चावल्यावर लोक आधी भगताकडेच जातात हेही. मंत्राने माणूस बरा झाल्याचं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कारण चावणारे कितीतरी साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. तेव्हा 'हे सगळं खोटं' म्हणालात की तुम्हीच खोटे ठरता.

मग काय चालतं? उत्तर प्रदेशात पोलिओचे डोस मुस्लिम वस्त्यांमध्ये नाकारले जात होते, डोसाने मूल पुढे नपुंसक होतं अशी अफवा होती. तिथे मशिदीतल्या इमामांनी सांगितलं, मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार गेल्या, तेव्हा दारं उघडली. देशातली शेवटची पोलिओची केस जानेवारी २०११ ची.

म्हणून पुढच्या वेळी प्रोजेक्टर राहू द्या आणि आधी भगताकडे जाऊन बसा. तो कोणती लक्षणं बघतो ते विचारा, ऐकून घ्या, मग मण्यारचं सांगा, की चावलेलं दुखत नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, पण पापण्या जड व्हायला लागल्या की वेळ संपत आलेली असते. त्याचा मंत्र सोडायला लावू नका. 'मंत्र म्हणा दादा, पण गाडीत बसून म्हणा, पेशंटसोबत दवाखान्यापर्यंत चला' एवढंच मागा, म्हणजे त्याचा मान राहतो आणि पेशंट वेळेत पोचतो. तिकडच्या डॉक्टरांनाही आधी भेटून ठेवा, भगत आला तर त्याला दारातून हाकलू नका म्हणावं. आणि त्या ताई स्वतः बोलायला तयार असतील तर त्यांनाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.