धाकट्या भावाच्या जबड्याच्या स्कॅनमध्ये धमनी उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळ्या वाटेने गेलेली दिसते. हा दोष आहे का? ऑपरेशन पुढे ढकलावं का?

दोष नाही. आणि एवढ्याच कारणासाठी ऑपरेशन पुढे ढकलायची गरज नाही. पण तुम्ही रिपोर्टमधल्या ज्या तीन ओळी उतरवल्या आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन वाचून तुम्ही घाबरलात आणि तिसरीबद्दल काहीच विचारलं नाहीत. मला तिसरीबद्दलच जास्त बोलायचं आहे.

तुम्ही लिहिलंय ते असं : लहानपणी भाऊ हनुवटीवर पडला, नंतर उजवीकडचा सांधा हाडाने जखडला आणि आता तोंडात जेमतेम एक बोट जातं. रिपोर्ट म्हणतो की मॅक्सिलरी धमनी (जबड्याच्या खोल भागांना रक्त पुरवणारी) उजवीकडे लॅटरल टेरिगॉइड स्नायूच्या (जबडा पुढे ओढणाऱ्या) बाहेरून, म्हणजे गालाच्या बाजूने जाते, डावीकडे आतून जाते, आणि उजवीकडे ती हाडाच्या गाठीला आतल्या अंगाने लागून आहे.

मी मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी शिकवते. जबड्याची ऑपरेशनं करणारे तरुण सर्जन सरावासाठी आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये येतात, त्यामुळे हा भाग मी अनेकदा उलगडून पाहिला आहे.

आधी वाट समजून घ्या. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या अगदी पुढे बोट हलकेच टेकवा. ठोके लागतील. ही कानशिलाकडे वर जाणारी धमनी. तिची जुळी बहीण, म्हणजे मॅक्सिलरी, त्याच मूळ धमनीतून फुटते, पण थोडी खाली, लाळग्रंथीच्या आत, जबड्याच्या मानेच्या (सांध्याच्या डोक्याखालच्या निमुळत्या हाडाच्या) मागे. तिथून ती मानेच्या आतल्या बाजूने वळसा घेऊन पुढे जाते. आता बोट तिथेच ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हाडाचं डोकं पुढे सरकतं आणि मागे खळगा पडतो. त्या खळग्यातलं मऊ ऊतक शिरांच्या जाळ्याने भरलेलं असतं. तोंड उघडलं की त्यात रक्त भरतं, मिटलं की ओसरतं. या जाळ्याची ठेवण तर इतकी बदलते की दोन माणसांत ती सारखी सापडेल अशी अपेक्षा मी कधीच ठेवत नाही.

मॅक्सिलरीपुढे लॅटरल टेरिगॉइड स्नायू आडवा येतो, आणि तिथे ती एक तर त्याच्या बाहेरून जाते किंवा आतून. हे असं का, याचं उत्तर गर्भात आहे. सुरुवातीला या भागाला रक्त पुरवते ती स्टेपिडियल नावाची तात्पुरती धमनी. कानातलं रिकिबीसारखं इवलंसं हाड मधोमध पोकळ असतं, कारण ते या धमनीभोवती घडतं. पुढे तिच्या खालच्या फांद्या बाहेरच्या कॅरोटिड धमनीला (गळ्यातून चेहऱ्याकडे रक्त नेणाऱ्या) जोडल्या जातात आणि तिचं खोड विरून जातं. या जोडाजोडीच्या काळात नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) आणि स्नायूच्या आतून एक वाट असते, बाहेरून दुसरी तयार होते, आणि थोडा वेळ दोन्हींचं मिळून कडं बनतं. मग एक बाजू राहते, दुसरी विरते. कुठली राहील हे डावीकडे आणि उजवीकडे स्वतंत्रपणे ठरतं. म्हणून एकाच माणसात दोन बाजू वेगळ्या निघतात. आमच्या टेबलावर एकदा डाव्या बाजूला धमनी स्नायूवर ठळक दिसली. विद्यार्थ्यांनी त्याच भरवशावर उजवीकडे शोधली, तर मिळेना. स्नायूचे धागे बाजूला केल्यावर ती आत, जिभेकडे आणि खालच्या दातांकडे जाणाऱ्या नसांच्याही पलीकडे सापडली. त्या दिवशी पुस्तकातलं चित्र पाठ करून आलेली मुलं बराच वेळ गप्प होती.

बाहेरून जाणारी वाट जास्त आढळते. जपानी शरीररचनातज्ज्ञ बुन्तारो अदाची यांनी १९२८ साली जपानी लोकांच्या धमन्यांची जी मोठी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त बाजूंना ती बाहेरूनच होती. युरोपीय वंशाच्या लोकांत आतून जाणारी त्यामानाने बरीच जास्त सापडते. तेव्हा तुमच्या भावाच्या दोन्ही बाजू नेहमीच्या आहेत, फक्त एकमेकींसारख्या नाहीत.

आता तिसरी ओळ. धमनी स्नायूच्या आत आहे की बाहेर, याने सांध्याच्या मुख्य कापणीत फारसा फरक पडत नाही. कारण जबड्याच्या मानेजवळ ती दोन्ही प्रकारांत हाडाच्या आतल्या बाजूलाच असते. सर्जन बाहेरून आत कापत जातो, आणि ज्याला इजा होऊ शकते ते शेवटच्या पातळ थरापलीकडे, नजरेआड असतं. निरोगी सांध्यात मध्ये मऊ ऊतकाची गादी असते. जखडलेल्या सांध्यात गाठ आतल्या अंगाला वाढते, ती गादी उरत नाही, आणि धमनी हाडाला चिकटते. त्याच भागात कवटीत शिरणारी मेनिंजियल धमनीही असते. गालफडाच्या कमानीपासून सरासरी तीनेक सेंटीमीटर आत, पण हे अंतर माणसागणिक चांगलंच बदलतं. म्हणून ठरावीक आकड्यावर विसंबून कापू नये, त्या माणसाचा स्कॅन मोजावा.

बाहेरच्या वाटेचा विचार एका जागी मात्र करावाच लागतो. जखडलेल्या सांध्याच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा सांध्याच्या पुढे जबड्याचं वर आलेलं टोक, कोरोनॉइड, हेही काढतात, तोंड पुरेसं उघडावं म्हणून. बाहेरून जाणारी धमनी त्या टोकाच्या आणि ते टोक व सांधा यांच्यामधल्या खाचेच्या जवळून जाते. तुमच्या भावाच्या उजव्या बाजूला नेमकं हेच आहे.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा रिपोर्टचा कागद नुसता पुढे करू नका, स्कॅनच्या फिल्म्स किंवा सीडी न्या. विचारा : गाठीच्या कडेपासून धमनी किती मिलिमीटरवर आहे? हाडाचा शेवटचा थर कशाने सोडवणार? (कंपनांनी हाड कापणारं अल्ट्रासोनिक उपकरण मऊ भागाला तुलनेने सांभाळून घेतं.) रक्तस्राव झालाच तर काय ठरलं आहे? रक्त तयार ठेवलेलं असेल का? आणि नळीवाटे आतून धमनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट त्या रुग्णालयात मिळेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. पॅक, म्हणजे गॉजचा बोळा, दाबून धरणं हा पहिला उपाय, आणि बऱ्याचदा तो पुरतो. गळ्यात बाहेरची कॅरोटिड बांधली तरी विरुद्ध बाजूकडून जोडवाटांनी रक्त येत राहू शकतं, त्यामुळे फक्त त्यावर भिस्त ठेवता येत नाही. या प्रश्नांनी चांगला सर्जन दुखावत नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच फिल्म उजेडाला धरून दाखवतो.

ऑपरेशनला दिवस किंवा आठवडे उलटल्यावरही कानापुढे ठोके देणारी सूज आली, त्या बाजूला कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येऊ लागला, किंवा जखमेतून पुन्हा रक्त आलं, तर ती दाबून किंवा शेकून पाहू नका. इजा झालेल्या धमनीच्या भिंतीला असा फुगा येऊ शकतो. त्याच दिवशी भावाला घेऊन रुग्णालयात जा.