सोमवारला पोर्तुगीजमधे ‘दुसरा’ का म्हणतात?

प्रश्न असा आलाय की स्पॅनिशमधे लुनेस, मार्तेस म्हणजे आपल्यासारखेच चंद्र-मंगळ, मग शेजारच्या पोर्तुगीजमधे सोमवारला सेगुंडा-फेइरा, मंगळवारला तेर्सा-फेइरा असे नुसते आकडे का, आणि फेइरा म्हणजे बाजार तर हे बाजाराचे वार आहेत का?

बाजाराचा संबंध नाही. लॅटिन ‘फेरिया’ म्हणजे सणाचा, सुट्टीचा दिवस, बाजार हा अर्थ त्यातूनच नंतर आला कारण सण म्हटला की जत्रा आलीच. चर्चच्या लॅटिनमधे वारालाच फेरिया म्हणून ते मोजायची पद्धत होती, रविवार पहिला म्हणून सोमवार दुसरा, असं शुक्रवारपर्यंत सहावा, आणि शनिवार-रविवारला वेगळी नावं, साबादू (सब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा) आणि दोमिंगू (प्रभूचा).

आता ही चर्चची पद्धत लोकांच्या तोंडी कशी बसली, तर त्याचं श्रेय परंपरेने ब्रागाचे (उत्तर पोर्तुगालमधलं शहर) बिशप संत मार्टिन यांना देतात. सहाव्या शतकातला माणूस, जन्म पॅनोनियात म्हणजे आजच्या हंगेरीकडचा, तिथून पार पश्चिमेला सुएबी या जर्मन टोळीच्या राज्यात आला, ब्रागाजवळ दुमे इथे मठ काढला आणि पुढे ब्रागाचा बिशप झाला, ५७२ची ब्रागाची धर्मसभा त्याच्याच अध्यक्षतेखाली झाली. अस्तोर्गाच्या बिशपने विचारलं की खेड्यातल्या लोकांना कसं समजावू, तेव्हा त्याने एक प्रवचनच लिहून पाठवलं. त्यात झरे, झाडं, तिठे इथे दिवे लावू नका वगैरे आहेच, पण मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनी यांची नावं वारांना देता, हे तर सैतान, यांनी एक दिवस तरी निर्माण केलाय का, असा त्याचा रोख आहे. मला हे प्रवचन फार मोलाचं वाटतं कारण विद्वानांसाठी नाही तर शेतकऱ्यांना कळेल अशा साध्या लॅटिनमधे लिहिलंय.

पण सगळं श्रेय त्याला एकट्याला देऊ नये असं माझं मत. त्याच्या आधी आर्लचे बिशप सीझेरियस यांनी गॉलमधे म्हणजे आजच्या फ्रान्समधे हेच सांगितलं होतं, तरी फ्रेंच लोक आजही लंदी, मार्दी, मेर्क्रदीच म्हणतात. म्हणजे उपदेश तोच, एकीकडे रुजला एकीकडे नाही. आणि पोर्तुगीजमधेही मंगळ पूर्ण गेला नाहीच, मार्च महिना अजून ‘मार्सू’ आहे, शिवाय खुद्द मार्टिन हे नावही मार्स म्हणजे मंगळावरूनच आलंय.

आपल्याकडचं बघायचं तर गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य, सरकारी कागदांवर सेगुंडा-फेइरा, आपण मराठीत पाव, चावी, बटाटा सगळं घेतलं पण वार नाही घेतले. गोव्यातले ख्रिस्ती लोकसुद्धा कोकणीत सोमार, मंगळार, ब्रेस्तार, आयतारच म्हणतात. त्यातला ब्रेस्तार म्हणजे बृहस्पतिवार आणि आयतार म्हणजे आदित्यवार, आपला जुना ऐतवार तोच.