होर्मुझची खाडी की सामुद्रधुनी?

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे: बातम्यांत होर्मुझला कधी खाडी म्हणतात, कधी सामुद्रधुनी. बरोबर काय? आणि ही ‘धुनी’ साधूची का?

बरोबर सामुद्रधुनीच. कोकणात तरी हा घोळ व्हायला नको. दाभोळहून होडी आत घातली तर वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत जाल, पुढे नदी. भरतीचं खारं पाणी नदीत शिरतं ती खाडी. तिला समुद्राकडे एकच तोंड. सामुद्रधुनीला दोन: ती दोन मोठे जलाशय जोडते. होर्मुझच्या एका अंगाला इराण, दुसऱ्या अंगाला ओमानचं मुसंदम. आत शिरलात की पर्शियन आखात, बाहेर ओमानचं आखात आणि मग आपला अरबी समुद्र.

‘खाडी’ आली बहुधा हिंदीतून. तिथे ‘फ़ारस की खाड़ी’ म्हणजे आखातच, आणि सामुद्रधुनीला ‘जलडमरूमध्य’. भाषांतराच्या घाईत आखात, खाडी, सामुद्रधुनी सगळं एकाच टोपलीत पडतं. ‘इंग्लिश खाडी’ मात्र मराठीत इतकी रुळली आहे की ती राहू द्यावी.

फरक कळला की महत्त्वही कळतं. पर्शियन आखात बाकी सगळीकडून बंद, त्यामुळे कुवेत, कतार, बहारीन यांच्या जहाजांना समुद्रात यायला दुसरी वाटच नाही. सर्वांत अरुंद जागी रुंदी सुमारे २१ सागरी मैल. जहाजांना जायला-यायला प्रत्येकी २ मैलांचा पट्टा, मध्ये २ मैल मोकळे. २०२३-२४ मध्ये इथून रोज सुमारे २ कोटी पिंप तेल जात होतं, जगाच्या वापराच्या जवळपास एक पंचमांश. पूर्वी याच वाटेने घोडे चौल-दाभोळला उतरत.

सामुद्रधुनी म्हटली की मोठी जहाजं जाणारच, असंही नाही. भारत-श्रीलंकेमधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ, शिवाय दक्षिणेला रामसेतू. म्हणून मुंबईहून चेन्नईला जाणारं मोठं जहाज श्रीलंकेला वळसा घालतं.

आता धुनी. साधूच्या धुनीशी हिचा संबंध नाही. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. अमरकोशात नदीच्या नावांत ‘तटिनी ह्रादिनी धुनी’ अशी ओळ आहे, आणि गंगेला स्वर्धुनी म्हणतात. लिहिताना ‘धु’ ऱ्हस्व, ‘नी’ दीर्घ. सुरुवात ‘सा’ने: सामुद्र, म्हणजे समुद्राची. अनेकवचन सामुद्रधुन्या.